नाताळच्या ताटाशेजारी, हजाराच्या आत

लाल वाइनची परीक्षा बहुतेक वेळा तिच्या कामाच्या जागेपासून फार लांब घेतली जाते. पांढरं कापड अंथरलेलं टेबल, ओळीनं मांडलेले पेले, थुंकायला भांडं, मधूनमधून तोंड धुवायला पाणी आणि फार तर बेचव पावाचा एखादा तुकडा. अशा ठिकाणी जी बाटली सगळ्यांत दमदार लागते तिला जास्त गुण मिळतात. ते गुण छापून येतात, ते वाचून आपण ती बाटली घेतो, आणि २५ डिसेंबरच्या दुपारी तिला सोरपोतेल, बदकाची मोयली आणि गरम फुग्यांच्या शेजारी नेऊन बसवतो. दोन घोटांनंतर पेले तसेच राहतात आणि घरची मंडळी मुकाट्यानं बिअरकडे वळतात.

या पुस्तिकेतल्या सगळ्या नोंदी वसईतल्या एका स्वयंपाकघरात, नाताळच्या आगेमागे, समोर शिजलेलं अन्न ठेवून केलेल्या आहेत. कुंपण आधीच घालून घेतलं होतं. वाइन लाल आणि भारदस्त हवी, द्राक्षं महाराष्ट्रातली हवीत, आणि बाटली हजार रुपयांच्या आत, साध्या दुकानात मिळायला हवी. हजाराचा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. दहा-बारा माणसांच्या पंगतीला दोन-तीन बाटल्या लागतात, आणि केक, मटण, नवे कपडे आणि गोठ्याची रोषणाई यांतून जे उरतं त्यात त्या बसायला हव्यात, एवढाच हिशेब.

वसईच का, तर इथलं नाताळचं ताट वाइनशी फार जुनं नातं सांगतं. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या ख्रिस्ती घरांत, मग ती कुपारी असोत की ईस्ट इंडियन, एक वेगळं स्वयंपाकघर उभं राहिलं. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणात मुरवत. इथे वाइन दुर्मीळ, पण ताडामाडाचा सिरका हाताशी. वाइनच्या जागी तो आला, अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली, आणि आज विंदालू म्हणून ओळखला जाणारा पदार्थ तयार झाला. म्हणजे ज्या ताटाशेजारी कोणती वाइन ठेवावी याची आम्ही काथ्याकूट करतो, त्या ताटातल्या एका कालवणाची सुरुवातच वाइनपासून झाली आहे. त्याच्या जोडीला बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, वीसच्या वर जिन्नस वेगवेगळे भाजून, कांडून, बिअरच्या तपकिरी बाटल्यांत दाबून भरलेला हा मसाला वर्षभर पुरतो. त्याचा तिखटपणा तितका नाही, पण त्याचा सुगंध कोणत्याही पेयाला सहजासहजी पुढे येऊ देत नाही.

वाइनही इथे नवी नाही. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट घालून बरणीत मुरवलेली घरची वाइन नाताळला छोट्या पेल्यांतून केकबरोबर फिरते. ती गोड असते, आणि केकबरोबर गोडच हवी. गोव्याहून येणारी ‘पोर्ट’सुद्धा गोड. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ माणसांची लाल वाइनशी पहिली ओळख साखरेच्या मध्यस्थीनं होते. मग कधीतरी शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों पेल्यात येते आणि तोंड वाकडं होतं: आंबट, वर तुरट, शिवाय घशात ऊब. साखर तर नावालाही नाही. ही वाइन खराब आहे अशी समजूत करून घेणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, केकच्या वेळच्या अपेक्षेनं ती प्यायली तर तसंच वाटणार.

भारदस्त वाइनचं वजन तोंडात जाणवतं. पातळ वरण आणि घट्ट आमटी यांतला फरक जिभेला चवीच्याही आधी कळतो, तसं. या वजनात मोठा वाटा अल्कोहोलचा. खुडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात २४ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण चोवीस ग्रॅम साखर असेल, तर ती सगळी आंबल्यावर साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोल तयार होतं. बाकीचा वाटा सालीचा. लाल वाइन सालीसकट आंबवतात. साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबायचा किंवा टाकीच्या तळचा रस पंपानं वर सोडायचा. रंग लवकर उतरतो, टॅनिन सावकाश. जांभूळ किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, ते काम टॅनिनचं. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं.

हा भारदस्तपणा स्वस्तात आणणं सोपं नाही. खाण्याची द्राक्षं पिकवणारा बागाईतदार वेलीवर जितके घड ठेवतो, त्याच्या निम्म्याहून कमी घड चांगल्या लाल वाइनसाठी ठेवावे लागतात. नाहीतर रस पातळ, रंग फिका. पुढचा खर्च लाकडाचा. ओकचं २२५ लिटरचं पिंप फ्रान्समधून आणायचं, त्यातून जेमतेम तीनशे बाटल्या निघणार, आणि तीन-चार हंगामांनी त्या लाकडाचा गंध संपणार. म्हणून हजाराच्या आतल्या बाटलीत व्हॅनिला आणि धुराचा भपकारा आला तर तो बहुधा पिंपाचा नसतो. स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या किंवा ढलप्या सोडलेल्या असतात. यात लबाडी काही नाही, जगभर हे चालतं. पण आमच्या अनुभवात स्वस्त बाटल्यांमधल्या चांगल्या बाटल्या बहुतेक लाकडाचा आव न आणणाऱ्याच निघाल्या.

महाराष्ट्रातली भारदस्त लाल वाइन म्हणजे मुख्यतः नाशिक. तिथल्या वेलीचं वर्ष युरोपच्या वेलीसारखं चालत नाही. तिकडे वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडणी होते. इकडे वेल आपणहून झोपत नाही. तिला कात्रीनं शिस्त लावावी लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. पावसाळा ओसरला की फळछाटणी. मग घड थंडीत भरतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत खुडले जातात. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर; निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि वाइनच्या दृष्टीनं त्या चांगल्या बातम्या असतात, कारण गार रात्री द्राक्षातला आंबटपणा राखतात. धास्ती मार्चची. ऊन चढलं की साखर धावत सुटते, टॅनिनचं पिकणं मागे राहतं. लवकर खुडलं तर वाइन हिरवट, काबर्ने असेल तर थेट ढोबळ्या मिरचीच्या वासाची. उशीर झाला तर जॅमचा वास आणि पंधरा टक्क्यांकडे झुकलेली ऊब. मधली जागा थोड्या दिवसांची असते, आणि त्या थोड्या दिवसांत मजूर, ट्रॅक्टर, टाक्या सगळं एकाच वेळी मोकळं असावं लागतं.

या उलट्या वर्षाचा नाताळला एक फायदा होतो. फेब्रुवारीत खुडलेल्या द्राक्षांची वाइन डिसेंबरमध्ये दहा महिन्यांची झालेली असते. त्याच वर्षीची फ्रेंच वाइन नाताळला पाहिजे असेल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी निघणारी कोवळी बोजोले नूव्होच बहुतेक वाट्याला येणार, आणि ती काही भारदस्त नव्हे. आमच्या किमतीतल्या बाटल्या फार वर्षं ठेवण्यासाठी केलेल्याही नसतात. लेबलवरचं वर्ष गेल्या दोन-तीन वर्षांतलं असावं, एवढं पाहिलं तरी पुरे.

नाशिकला हे सगळं फार जुनं नाही, आणि सरळ चढत गेलेलंही नाही. १९८० च्या दशकात नारायणगावात शाम चौगुले यांनी शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन करून परदेशी पाठवली, तेव्हा महाराष्ट्रात लाल वाइनला गिऱ्हाईक जवळपास नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वाइनच्या जाती लावल्या. २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली, आणि ती पांढरी होती. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला करात मोठी सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. मग २००८ ची मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि पुढच्या हंगामांत पुष्कळ शेतकऱ्यांनी शिराझ-काबर्नेच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. आज हजाराच्या आत बरी बाटली मिळते त्यामागे ही पडझड आहे. जे टिकले ते विकता येईल अशा किमतीत, रोज पिता येईल अशी वाइन करायला शिकले. अकलूजला इटालियन भावंडांच्या भागीदारीत सुरू झालेल्या फ्रातेल्लीनं तर नाशिकची मक्तेदारीही मोडली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. आम्ही त्या वादात पडत नाही. आमच्या गल्लीतला दुकानदार अजून तोच आहे.

आयात बाटल्यांना आम्ही या पुस्तिकेतून वगळलं याचं कारण देशप्रेम नाही. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे, त्यावर राज्याचे कर आणि वाहतूक. आपल्या दुकानात हजाराला मिळणारी परदेशी बाटली तिच्या गावी किती किमतीची असेल याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. त्या किमतीत नाशिकची वाइन वरचढ ठरते, आणि ठरायलाच हवी.

आता जातींविषयी. काबर्नेपेक्षा शिराझ आपल्या ताटाला जास्त मानवते, हे मत आम्ही शेवटपर्यंत बदललेलं नाही. काबर्नेचा बांधा ताठ, टॅनिन टोकदार. तिला कमी मसाल्याचं भाजलेलं मांस लागतं. शिराझ गोलाई राखून असते, तिच्यात जांभळाचा, करवंदाचा भास असतो, आणि कधीकधी काळ्या मिरीचा स्पष्ट वास. ती मिरी कल्पनेतली नाही. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीला तिचा वास देतं तेच शिराझच्या सालीत असतं, हे ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. गंमत पुढे आहे: साधारण पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. आमच्या टेबलावर यावरून झालेली भांडणं आता मिटली आहेत. ज्याला मिरी लागत नाही तो खोटं बोलत नसतो आणि अडाणीही नसतो. गार हवेच्या मळ्यात रोटंडोन जास्त तयार होतं. नाशिकच्या शिराझमध्ये ते प्रत्येक वेळी सापडेल अशी आशा ठेवू नये.

या पुस्तिकेचा खरा विषय मात्र ताट आणि पेला यांची गाठ कशी पडते हा आहे. मीठ आणि आंबट वाइनला मऊ करतात: टॅनिनची धार बोथट होते, फळाची चव वर येते. तिखट आणि गोड नेमकं उलटं करतात. मिरचीची जळजळ अल्कोहोल वाढवतं, टॅनिन त्या भाजलेल्या जिभेवर खरखरीत लागतं, आणि गोड घासानंतर कोरडी वाइन कडवट आणि आंबूस वाटते. एवढं कळलं की नाताळच्या ताटाचा उलगडा होतो. सोरपोतेलमध्ये सिरका आहे, मीठ आहे, डुकराची चरबी आहे. आठवडाभर दर दिवशी गरम करून ते मुरत जातं तसं वाइनला जास्त जवळ येतं. शिराझबरोबर ते इतकं जमतं की बाकीच्या पदार्थांना आम्ही त्याच मापानं मोजू लागलो, आणि हा अन्याय नोंदींमध्ये जागोजागी दिसेल. बदकाची मोयलीही चांगली, कांद्याचा गोडवा आवरता असेल तर. विंदालू झणझणीत असेल तर चौदा टक्क्यांच्या बाटलीनं तोंडाची आग होते. तिथे साडेबाराचीच आणा, नाहीतर विंदालूच कमी तिखट करा, जे कुणी करणार नाही. केक आणि कुसवारातल्या गोडधोडाबरोबर भारदस्त लाल वाइन ठेवूच नका. ती वेळ घरच्या मनुकांच्या वाइनची. दिवाळीचा फराळही याच कारणानं बाद: करंजी आणि काबर्ने यांचं पटवण्याचा प्रयत्न ज्यांना करायचा त्यांनी करावा, पण आम्हाला बोलावू नये.

महाग बाटल्या या टेबलावर मागे का पडतात तेही यातूनच कळतं. जास्त पैसे मोजले की बहुधा जास्त लाकूड, जास्त टॅनिन, जास्त अल्कोहोल मिळतं. रिकाम्या तोंडाला ते भव्य वाटतं. बॉटल मसाल्यासमोर मात्र लाकडाची चव मसाल्याशी भांडते, आणि फळ दोघांच्या मध्ये चिरडतं. साधी, रसाळ, कमी लाकडाची शिराझ भांडत नाही. तुलनेसाठी आम्ही दर वेळी दुप्पट किमतीची एक बाटली गुपचूप मध्ये सरकवत होतो. जेवणाआधीच्या फेरीत ती बहुतेकदा वर यायची आणि जेवणाच्या फेरीत खाली घसरायची. आमच्या कसोटीत सगळ्यांत बोलका निष्कर्ष हाच.

गुपचूप हा शब्द मुद्दाम वापरला. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, फक्त अक्षर लिहून मांडल्या होत्या, कारण डोळे आणि किंमत जिभेला फसवतात. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन निर्गंध लाल रंग मिसळून दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून चाखायला दिली. ९० डॉलरची लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या सुख नोंदवणाऱ्या भागातली हालचालही खरोखर वाढलेली दिसली. म्हणजे माणसं ढोंग करत नव्हती, त्यांना ती खरंच जास्त चांगली लागत होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक झाकून केलेल्या चाखण्यांच्या अभ्यासात सामान्य माणसांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्याचं आढळलं. सणाला पाहुण्यांसमोर बाटलीची किंमत कानावर पडू द्यावी की नाही, याचा निर्णय यजमानानं या माहितीच्या आधारे घ्यावा.

एक गोष्ट मात्र प्रत्येक नोंदीच्या आधी सांगावीशी वाटत होती, ती इथेच सांगून टाकतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. ती खोली सोळा-अठरा अंशांची. वसईत डिसेंबरच्या दुपारी पारा तिशीला टेकतो. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात घुसतं, फळ बसकं होतं, आणि चांगली बाटली खोकल्याच्या औषधाच्या पातळीवर उतरते. वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा. पुस्तिकेतल्या कितीतरी सूचनांपेक्षा ही एक जास्त उपयोगी पडेल. पेल्यांची फार चिंता नको, तोंडाशी जरा आत वळलेला कोणताही मोठा पेला चालेल, तिसऱ्या हिश्शापर्यंत भरलेला. तरुण, घट्ट मिटलेली वाइन तासभर आधी पाण्याच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली तर मोकळी होते. फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी समजू नये. आपल्या हवामानात ते झाकण बुचापेक्षा जास्त विश्वासाचं. आणि जिथे बाटल्या उन्हाच्या काचेत उभ्या असतात त्या दुकानातून काहीही घेऊ नका, लेबल कितीही ओळखीचं असो. मेच्या उकाड्यात शिजलेली वाइन डिसेंबरमध्ये सुधारत नाही.

पुस्तिकेत काही गोष्टी नाहीत. गुण नाहीत, प्रत्येक बाटलीपुढे कोणत्या पदार्थाबरोबर ती टिकली आणि कुठे पडली एवढंच लिहिलं आहे. सांज्योव्हेजे आणि तेंप्रानियोच्या बाटल्या चाखल्या होत्या, त्यांतल्या काही फार आवडल्या, पण आमच्या मापानं त्या मध्यम वजनाच्या, म्हणून त्यांना जागा दिली नाही. रोझे आणि चेनिन ब्लाँ तिखटाबरोबर लाल वाइनपेक्षा सोप्या जातात हे आम्हालाही मान्य आहे. तो वेगळ्या पुस्तिकेचा विषय. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, घरातल्या उत्साही भाचरांनी ती लक्षात ठेवावी.

७५० मिलीलिटरच्या बाटलीत पाच पेले बसतात. बारा माणसांपैकी चार जण पिणार नाहीत, दोघं एका पेल्यावर थांबतील, एखादा तीन घेईल आणि मग स्कूटरची किल्ली शोधू लागेल; ती आधीच लपवून ठेवा. या हिशेबानं तीन बाटल्या पुरतात. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते, आणि चौथ्या दिवशी उरलेल्या मटणात किंवा पुढच्या विंदालूच्या मुरवणात घालायला हरकत नाही. नोंदींची सुरुवात पुढच्या पानावर आहे. बाटल्यांची नावं शेवटच्या पानावर वेगळी दिली आहेत, ती शक्यतो नंतर पाहावीत.